हाताच्या अंतरावरची डबी

"दामूभाऊ, अक्कांचं तोंड उघडंच राहिलंय," रावजी फोनवर म्हणाला.

मी अक्काकडे पाहिलं. ती माझ्यासमोर, देवघरात, खुर्चीवर बसून झांजेची दोरी बोटाला गुंडाळत होती. तोंड मिटलेलं.

"कुठे उघडं राहिलंय?"

"इथं पडद्यावर. चार मिनिटं झाली, जागच्या हललेल्या नाहीत. पोरं हसायला लागलीत."

रामनवमीच्या सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. जन्म बाराला.

हिंगणवाडीच्या राममंदिरात रामजन्माचं कीर्तन एकेचाळीस वर्षं माझी थोरली बहीण करत आली. नारदाच्या गादीवर बाई उभी राहिली म्हणून पहिल्या वर्षी अर्धं गाव उठून गेलं होतं. पुढच्या वर्षी ते बायकामुलं घेऊन परत आलं. त्या देवळाची एक रीत आहे: ज्याच्या कीर्तनात बाराच्या ठोक्याला जन्म होतो, पुढच्या वर्षीचा नारळ त्याच्याच ओटीत. एकेचाळीस नारळ अक्काच्या ओटीत पडले. माघात न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास उभ्या राहा हवं तर, पण साठ किलोमीटर गाडीत धक्के खात जायचं नाही. मग रावजीनं, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यानं, तोड काढली. सभामंडपात मोठा पडदा लावायचा, अक्कानं सांगलीत आमच्या घरी उभं राहायचं, व्हिडिओ कॉलवरून कीर्तन तिकडे. पंचमंडळींनी मान डोलावली आणि एक अट घातली. चित्र बंद पडलं तर कऱ्हाडचे ताम्हनकर बुवा समोरच बसलेले असतील. ते उभे राहतील.

त्या बुवांना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि गेले पंधरा दिवस मला त्यांचा संताप येत होता. पांढरं उपरणं घालून गिधाडासारखा बसलेला माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"बघतो," असं रावजीला सांगून मी अक्काचा बटणांचा फोन खिशात टाकला. माझा मोठा फोन स्टँडवर, अक्कासमोर होता. कीर्तन त्याच्यावरून जायचं होतं.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला देवघर आहे, दगडी भिंतींचं. तिथे साधा फोन कसाबसा लागतो, पण मोबाइलवर इंटरनेट चालेल एवढी रेंज कधीच येत नाही. माझा मुलगा मुकुल घरूनच काम करतो. त्यानं वायफायच्या थालीपिठाएवढ्या तीन पांढऱ्या डब्या आणून बसवल्या होत्या. एक पुढे हॉलमध्ये, एक माडीवर त्याच्या खोलीत, एक देवघराच्या कोनाड्यात. तिन्हींचं नाव एकच. तुम्ही घरात फिरा, फोन जवळची डबी आपणहून धरतो, असं त्यानं मला समजावलं होतं. कुठला फोन कुठल्या डबीवर आहे याची यादी कशी बघायची तेही दाखवलं होतं. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाणीवाटपाची पाळीपत्रकं लिहिली आहेत मी, मला यादी वाचता येते.

मी यादी उघडली. माझा फोन 'हॉल'च्या खाली. सिग्नलची एकच काडी.

देवघराची डबी कोनाड्यात निळा दिवा लावून बसली होती. स्टँडवरून हात लांब केला असता तर तिला लागला असता. आणि फोन तीन भिंतींपलीकडच्या डबीला लोंबकळत होता.

"काय झालं रे?" अक्का म्हणाली.

"काही नाही. या कार्ट्यानं काहीतरी घोळ घालून ठेवलाय."

"त्याला विचार मग."

"विचारतो. कानात इअरफोनची बोंडं घालून बसलाय सकाळपासून. रामनवमीच्या दिवशी."

"त्याच्या साहेबाकडे रामनवमी नसते, दामू."

जिना चढताना माझे कान तापले होते. आदल्या संध्याकाळी मुकुलनं दोन तास हॉलमध्ये तयारी केली होती. सोफा सरकवला, मागे चादर ताणून बांधली, दिवे लावले, रावजीला कॉल करून पाहिला. चित्र आरशासारखं. सगळं झाल्यावर म्हणाला, "बाबा, आता कशाला हात लावू नका. उद्या आठपासून मी कॉलवर आहे. दुपारपर्यंत मला हाक मारू नका."

मी दार ठोठावलं. दुसऱ्यांदा ठोठावलं. तिसऱ्यांदा मुठीनं.

त्यानं दार चारच बोटं उघडलं. एक बोंड कानात, एक हातात.

"काय बाबा?"

"चित्र थांबतंय."

"काल थांबत नव्हतं."

"आज थांबतंय. अक्काचं तोंड उघडं पडलंय तिकडे. पोरं हसतायत."

तो मागे वळून कॉम्प्युटरकडे पाहत म्हणाला, "फोन कालच्याच जागेवर आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"आता देवाच्या पायावर हात ठेवून सांगू का?"

"तसं नाही. वायफाय एकदा बंद करून परत चालू करा. आणि प्लीज बाबा, बारापर्यंत..."

"बारापर्यंत काय? बाराला राम जन्मतो. तुझ्या कॉलसाठी त्याला दीड सांगू का?"

त्यानं दार लावून घेतलं. हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

खाली येऊन वायफाय बंद केलं, चालू केलं. यादी उघडली. पुन्हा 'हॉल'. पुन्हा केलं. पुन्हा 'हॉल'. कोनाड्यातली डबी माझ्याकडे निळ्या डोळ्यानं बघत होती.

पावणेअकराला अक्का उभी राहिली. डाव्या हातानं खुर्चीची पाठ धरलेली, उजव्या हातात झांज. पेटी नाही, तबला नाही, तंबोऱ्याचं यंत्र तेवढं चालू. एकदा गादीवर उभं राहिलं की आरतीपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही आणि तिनं जागा सोडायची नाही. लहानपणापासून हे मला इतकं अंगवळणी पडलंय की त्या तासात मी तिला बहीणसुद्धा मानत नाही. वयानं मोठे असलेले लोकसुद्धा गादीवरच्या माणसाला वाकून नमस्कार करतात. मीही केला आणि भिंतीला टेकून बसलो.

पूर्वरंग रखडत पार पडला. बटणांचा फोन दर पाच मिनिटांनी खिशात थरथरायचा, मी परसात जाऊन घ्यायचो. "भाऊ, आवाज तुटतोय." "भाऊ, आला, आला." "भाऊ, परत गेला." पूर्वरंग संपल्यावर मी अक्काच्या कपाळी बुक्का लावला, गळ्यात हार घातला. घाईत बुक्का तिच्या नाकावर सांडला. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर फिरवली.

अकरा चाळीसला पुन्हा फोन थरथरला.

"दामूभाऊ, दर मिनिटाला थांबतंय. बुवांनी पंचा कमरेला बांधलाय."

मला पुढचं ऐकू आलं नाही. मी जिना चढलो, गुडघ्याची पर्वा न करता. दार आतून बंद. मुकुलचा आवाज येत होता, इंग्रजीत, एका सुरात, काहीतरी मुद्देसूद समजावून सांगत होता.

"मुकुल."

"बाबा, पंधरा मिनिटं. फक्त पंधरा."

"अक्काची एकेचाळीस वर्षांची सेवा जातेय खाली."

"एक मिनिट," तो इंग्रजीत कुणालातरी म्हणाला, आणि मराठीत, दाराजवळून, "बाबा, मी खरंच आत्ता उठू शकत नाही."

"तू या घरात राहतोस की भाड्यानं राहतोस, तेवढं एकदा सांग. भाडेकरूसुद्धा धावून येतात."

मी खाली आलो.

हॉलमध्ये कालची चादर तशीच ताणलेली होती. तिच्यासमोर मोकळी जागा. आणि कपाटावर ती डबी, जिनं माझा फोन अडवून ठेवला होता. मी मनाशी हिशेब मांडला, सरळसोट, पाटाच्या पाण्यासारखा. हे दार बंद केलं की पाणी त्या दारानं जाईल. ही डबीच नसेल तर फोनला झक मारत जवळची धरावी लागेल. मी तिची वायर मुठीत धरली आणि उपटली.

देवघरात येऊन पाहिलं. कोनाड्यातला निळा दिवा तांबडा झाला होता. स्टँडवरच्या फोनवर देऊळ दिसत होतं, पडद्यासमोर बसलेल्या बायका दिसत होत्या. ते सगळं काळं झालं. बाहेरून येणारी तार त्या हॉलच्या डबीतच शिरते, बाकीच्या दोन तिच्या जिवावर, हे मुकुलनं मला सांगितलं होतं. मला आठवलं ते तेव्हा.

अकरा एक्कावन्न.

अक्कासमोरचा पडदा काळा झालेला तिला दिसला. मी हातानं खूण केली, की गेलं, सगळं गेलं. ती थांबली नाही. दशरथाचा पायस वाटून झाला होता, कौसल्या प्रसूतिगृहात गेली होती, आता चार वाक्यांत जन्म. त्याऐवजी अक्कानं झांज खाली घेतली आणि म्हणाली, अयोध्येच्या वेशीबाहेर एक म्हातारी राहायची.

एकेचाळीस वर्षांत ही म्हातारी मी कधी ऐकली नव्हती. ती राजाच्या बाळासाठी जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून निघाली होती. चार पावलं चालली, की बसली. उन्हानं तिची सावली पायाखाली आली होती. वाड्याचा रस्ता विचारला तर लोक म्हणाले, आजी, आज कुणाला वेळ आहे रस्ता सांगायला? अक्का चालीत म्हणत होती, मध्येच साधं बोलत होती, आणि काळ्या फोनकडे बघत होती.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. मुकुल. अनवाणी, बोंडं गळ्यात लोंबत. आधी हॉलमध्ये गेला असावा, कारण देवघराच्या दारात आला तेव्हा उपटलेली वायर त्याच्या हातात होती.

त्यानं अक्काकडे पाहिलं, गादीकडे, स्टँडकडे. कोनाड्याकडे. मग माझ्याकडे.

"तुम्ही आणलंत हे इथे?"

"जन्म रामापुढे व्हायला पाहिजे," मी म्हणालो. "पाळणा इथे टांगलेला आहे. चादरीपुढे कसला जन्म करतोस? सकाळी सहाला आणलं मी."

"मी विचारलं होतं, बाबा."

"मग नीट विचारायचं होतंस."

हे मी बोललो. अक्का दोन हातांच्या अंतरावर उभी असताना, दबक्या आवाजात, दात खाऊन, मी हे बोललो.

त्याच्या मानेची शीर फुगली. वाटलं, आता हा बोलेल, आणि मी तयारच होतो. पण त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "ती परत चालू व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात," तो म्हणाला. "रावजींना माझा कॉल घ्यायला सांगा. माझ्या फोनवरून." आणि स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर पळाला.

देवघराला एक खिडकी आहे, परसात उघडणारी. बाहेर पूर्ण रेंज असते. मिनिटभरानं खिडकीच्या गजांतून त्याचा हात आत आला. हातात त्याचा फोन, अक्काच्या दिशेनं धरलेला. फोनच्या पाठीवरून मला काही दिसत नव्हतं, पण बटणांच्या फोनवर रावजी ओरडला, "आल्या, अक्का आल्या."

अक्कानं मान खिडकीकडे वळवली. झांज उचलली.

"म्हातारी दाराशी आली," ती म्हणाली.

हिंगणवाडीत बाराचा ठोका पडला तो मी दोन फोनांतून ऐकला, एकदा आधी, एकदा जरा नंतर. जन्म झाला. तिकडे गुलाल उधळला असणार, कारण मुकुलच्या फोनमधून नुसता कल्लोळ येत होता. मी पाळण्याची दोरी ओढली. अक्कानं पाळणा म्हटला, मग आरती. त्या सबंध वेळात तो हात गजांतून तसाच होता. कोपराखाली थरथरत होता, पण फोन हलला नाही. वायर परत लावली असती तर तोवर डब्या सुरू झाल्या असत्या, पण ती लावायला मला उठवलं नाही आणि त्यानंही हात काढला नाही.

आरती संपल्यावर तो आत आला. आत्याला वाकून नमस्कार केला. तिनं त्याच्या कपाळी बुक्का लावला आणि म्हणाली, "बस जरा खाली. पाय बघू."

परसात शहाबादी फरशी आहे. चैत्रातली बाराची फरशी. त्याच्या दोन्ही तळपायांना रुपयाएवढे फोड आले होते.

"चप्पल घालायची होतीस," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला.

अक्कानं मला तूप आणायला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा तो तिला सांगत होता, माझ्याकडे न बघता. "काल मी बाबांचा फोन हॉलच्या डबीला बांधून ठेवला होता, आत्या. मुद्दाम. नाहीतर फोन एकीवरून दुसरीवर उडी मारतो आणि त्या क्षणाला चित्र तुटतं. एकदा बांधला की तो दुसरीकडे जातच नाही. जवळची शेजारी असली तरी."

"आणि सोडवायला?"

"दोन सेकंद. मला माहीत असतं तर वरूनच सोडवला असता."

मी तुपाची वाटी खाली ठेवली. जरा जोरात ठेवली गेली.

संध्याकाळी रावजीचा फोन आला. पडदा काळा झाला तेव्हा पंच ताम्हनकर बुवांना उठा म्हणाले. बुवा उठले, पण गादीकडे गेले नाहीत. "गादीवर एक जण उभं आहे," ते म्हणाले. "आपल्याला दिसत नाही एवढंच. त्यांची आरती झाल्याशिवाय मी तिथे पाय ठेवणार नाही." कमरेला पंचा बांधला होता तो पेटी ओढून घ्यायला. पेटीवर बसून त्यांनी रामनामाचा गजर लावला आणि चित्र परत येईपर्यंत सगळं देऊळ उभं ठेवलं. शेवटी पडद्यापुढे नारळ ठेवला तोही त्यांनीच.

अक्कानं हे ऐकून हात जोडले. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. पंधरा दिवस सांभाळलेला राग ठेवायला आता जागाच उरली नव्हती.

पुढच्या वर्षी अक्का स्वतः हिंगणवाडीला गेली आणि उभी राहिली. ते त्रेचाळिसावं आणि शेवटचं. दिवाळीनंतर ती गेली. आता तिथे ताम्हनकर बुवा करतात. दर रामनवमीला मी जाऊन पहिल्या रांगेत बसतो आणि पूर्वरंगानंतर हार घालण्याचा मान मला देतात. त्यांची एक सवय आहे. जन्माच्या आधी ते वेशीबाहेरच्या त्या म्हातारीला आणतात, आणि आणताना आधी अक्काचं नाव घेतात.

मुकुलनं त्या पडद्याच्या वर्षीच नोकरी बदलली आणि हैदराबादला गेला. येतो, वर्षातून दोनदा, रात्रीची बस धरून परत जातो. त्या दिवसाबद्दल आम्ही सहा वर्षं बोललो नाही. गेल्या महिन्यात आला तो नव्या डब्या घेऊन. जुन्या काढल्या, नव्या बसवल्या. मी शिडी धरून उभा होतो.

देवघराची डबी कोनाड्यात ठेवताना त्यानं सवयीनं विचारलं, "इथलं काही हलवलंय का?"

"नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "त्या दिवशी हलवलं होतं. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो."

तो वायर खोचत राहिला.

"वर काय चाललं होतं तुझं तेव्हा?" मी विचारलं.

"माझंच प्रेझेंटेशन होतं. सहा महिन्यांचं काम दाखवायचं होतं. अर्धं झालं होतं."

"मग?"

"उरलेलं राहिलं. मग ते काम दुसऱ्याकडे गेलं."

"बोलला नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत."

आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता. मी शिडी घट्ट धरली.

तो खाली उतरला, माझा फोन मागून घेतला, यादी उघडून माझ्यासमोर धरली. माझं नाव 'देवघर'च्या खाली आलं होतं, सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या.

"बांधून ठेवू?" तो म्हणाला.

"नको," मी म्हणालो. "तुझी बस किती वाजता?"

"साडेनऊ."

त्यानं पिशवीत पेचकस टाकला, जुन्या डब्या टाकल्या, चेन लावली. मी शिडी भिंतीला टेकवली.

"आज राहतोस का?" मी विचारलं.